शेड कार्डवर आवडलेला रंग कपाटावर वेगळा का दिसतो? स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या कपाटांचा रंग ठरवताना काय पाहावे?

गणपती गेले की अनेक घरांत रंगकामाचे वेध लागतात. भिंतींचे ठरले की नजर जाते ती ओट्याखालच्या ट्रॉल्यांकडे, वरच्या कपाटांकडे आणि बाथरूममधल्या बेसिनखालच्या दारांकडे. नवे मॉड्युलर किचन बसवायचे तर खर्च लाखांत जाऊ शकतो. जुनी दारे चांगल्या स्थितीत असतील तर ती रंगवणे बरेच स्वस्त पडते. म्हणून रंगारी शेड कार्ड उघडतो, मोबाइलवरचे चार फोटो पाहिले जातात आणि दहा मिनिटांत रंग ठरतो.

पश्चात्तापाची वेळ नंतर येते. पांढरी दारे पिवळी दिसू लागतात, काळ्या मॅट दारावर प्रत्येक बोटाचा ठसा उमटतो, बेसिनखालच्या रंगाचे पोपडे निघतात. कपाटाचा रंग ठरवताना आवडीइतकेच महत्त्व घरातला उजेड, रोजचे डाग आणि ओल यांना आहे. शिवाय जुना ऑइलपेंट घासताना एक धोकाही असतो. तो लहान मुलांच्या आरोग्याशी जोडलेला आहे.

घरी आल्यावर रंग का बदलतो?

रंग डब्यात जितका असतो, तितकाच तो त्यावर पडणाऱ्या उजेडात असतो. दुकानात शेड कार्ड पाहिले जाते ते बहुधा पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली. घरातला उजेड वेगळा असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 केल्विनचा दिवा पिवळसर, 4000 चा मधला आणि 6500 चा निळसर पांढरा. पिवळसर दिव्याखाली पांढरा रंग क्रीम वाटतो आणि फिका निळा मळकट दिसतो. 6500 केल्विनखाली तोच क्रीम रंग निस्तेज वाटतो आणि करड्या रंगाला निळी झाक येते.

एका दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. कपाटाचा रंग भिंतीच्या टाइल्सशी किंवा सनमायकाशी जुळवताना फसगत होते ती यामुळेच. दोन्ही पृष्ठभागांत रंगद्रव्ये वेगळी असल्याने दुकानात जुळलेली जोडी घरी फारकत घेते.

खिडकीची दिशाही पाहावी लागते. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी नारिंगी ऊन येते, तर उत्तरेचा उजेड दिवसभर थोडा थंड आणि एकसारखा असतो. शहरांतल्या अनेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड मिळतो आणि त्या भिंतीचा रंगही सोबत येतो.

मोबाइलच्या स्क्रीनवरून रंग ठरवणे त्याहून बेभरवशाचे. स्क्रीन स्वतः प्रकाश सोडते, तर दार आपल्यावर पडलेला प्रकाश परतवते. ब्राइटनेस कमी-जास्त केला किंवा डोळ्यांना आराम देणारा नाइट मोड सुरू असला तरी छटा बदलते. फोन कल्पना सुचण्यासाठी ठीक, निर्णयासाठी नाही.

एलआरव्ही हा आकडा काय सांगतो?

अनेक कंपन्यांच्या शेडच्या माहितीत ‘एलआरव्ही’ असा एक आकडा दिलेला असतो. त्या रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड परत येतो, हे त्यातून कळते. मोजपट्टी 0 ते 100 अशी. 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. प्रत्यक्षातले पांढरे रंग साधारण 80 च्या पुढे असतात.

डक्टकडे तोंड असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात हा आकडा कामाचा ठरतो. वरची कपाटे डोळ्यांसमोर असतात आणि ओट्यावर सावली पाडतात. त्यांचा एलआरव्ही 60 च्या वर ठेवला तर खोली मोकळी वाटते. खालची दारे 30 ते 40 पर्यंत गडद चालतात. हा नियम नसून ठोकताळा आहे. कपाटाच्या आतली बाजू मात्र फिकीच असावी. आत गडद रंग दिला की मागच्या रांगेतले डबे दिसत नाहीत.

घरात मोतीबिंदू झालेले किंवा कमी दिसणारे आजी-आजोबा असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. ब्रिटनमधल्या सुलभ इमारतींविषयीच्या मानकांत, एकमेकांपासून वेगळे ओळखता यावेत अशा लगतच्या पृष्ठभागांमध्ये एलआरव्हीचा सुमारे 30 अंकांचा फरक सुचवला जातो. दार आणि ओटा, दार आणि हँडल यांत असा फरक ठेवला की दाराची कड कुठे संपते ते पटकन कळते.

आपल्या स्वयंपाकघरात कोणता रंग टिकतो?

परदेशी मासिकांतली पांढरी किंवा काळी कपाटे रोजच्या फोडणीसमोर उभी नसतात. आपल्याकडे तेलाची बारीक वाफ दारांवर बसते, हवेशी संयोग होऊन चिकट होते आणि त्यावर धूळ धरते. शेगडीच्या दोन्ही बाजूंची आणि चिमणीलगतची दारे सगळ्यात आधी मळतात. तिथे अगदी पांढरा रंग महिन्याभरात तपकिरी वाटू लागतो आणि गडद रंगावर तेलकट ओघळ चमकतात. बेज, वाळूसारखा, फिका करडा, मातकट हिरवा असे मधले रंग दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी झाकतात.

दुसरा शत्रू हळद. तिच्यातले कर्क्युमिन हे रंगद्रव्य पिवळे असते, पण अल्कलीशी गाठ पडली की लालसर होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणधर्मावर. म्हणून हळदीचा डाग साबणाने घासला की तो तात्पुरता लाल दिसतो आणि दाराचा रंगच बिघडला असे वाटते. कर्क्युमिन उन्हात फिके पडत जाते. त्यामुळे खिडकीजवळच्या दारावरचा डाग काही दिवसांत पुसट होतो, अंधाऱ्या कोपऱ्यातला राहतो. मसाल्याचा डबा ज्या कप्प्यात असतो त्या दाराला पांढरा रंग टाळलेला बरा.

वर फिके आणि खाली गडद ही जोडी इथे सोयीची पडते. खालच्या दारांना पाय, लादी पुसण्याचा मॉप आणि सिलिंडरचा धक्का लागतो. तिथे मध्यम गडद रंग ओरखडे लपवतो.

वापर पाहून रंग निवडण्याची कल्पना जुनी आहे. वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी छोटे, आखीव स्वयंपाकघर तयार केले. त्यातली काही कपाटे निळसर रंगवली होती, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. माश्यांचे गणित आज कोणी धरत नाही. पण या खोलीत रोज काय घडते, हा प्रश्न आजही आधी विचारायला हवा.

बाथरूममध्ये गणित का बदलते?

बाथरूममध्ये तेल नसते, पाणी असते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब सुकला की त्यांचा पांढरा ठिपका उरतो. काळ्या किंवा गडद निळ्या दारावर हे ठिपके लांबून दिसतात. पाण्यात लोह असेल तर उलट पांढऱ्या दारावर तांबूस डाग पडतात. हवा खेळत नसलेल्या बाथरूममध्ये, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, फिक्या रंगावर बुरशीचे काळे ठिपके आधी नजरेत भरतात. फिका करडा किंवा वाळूचा रंग हा मधला मार्ग.

आरशाशेजारच्या कपाटाला गर्द हिरवा किंवा गर्द निळा रंग देण्यापूर्वी विचार करावा. त्या रंगावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि आरशात चेहरा निस्तेज दिसू शकतो.

रंग कोणताही असो, तो प्लायवुडची उणीव भरून काढत नाही. पाण्याजवळच्या कपाटाला आयएस 710 मानकाचे, म्हणजे बोलीतले ‘मरीन’ प्लाय योग्य. एमडीएफ पाणी पिऊन फुगते. पाणी शिरते ते दाराच्या खालच्या उघड्या कडेतून. रंगारी समोरची बाजू गुळगुळीत करतो आणि खालची कड विसरतो. काम संपण्यापूर्वी दाराखाली आरसा धरून ती कड रंगवली आहे का, हे पाहावे.

पांढरा रंग पिवळा का पडतो?

नेहमीचा ऑइलपेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल. यातली अल्कीड रेझिन तेलापासून बनते आणि काळानुसार पिवळी पडते. आश्चर्य म्हणजे उन्हापेक्षा अंधारात ती जास्त पिवळी होते. म्हणून दाराची बाहेरची बाजू ठीक असते आणि आतली, कायम बंद राहणारी बाजू पिवळट. अमोनिया असलेल्या क्लीनरने हा परिणाम वाढतो. फिकाच रंग हवा असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल घ्यावा. तो खूपच कमी पिवळा पडतो.

पीयू रंग अधिक टणक आणि पुसायला सोपा, पण तो स्प्रेने मारावा लागतो. दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासात जाणे धोक्याचे असल्याने दारे काढून कारखान्यात रंगवून आणणे हा सुरक्षित पर्याय. सनमायकावर साधा रंग थेट धरत नाही. तेलकटपणा काढून, हलके घासून, पकड देणारा खास प्रायमर लावावा लागतो.

मॅट की ग्लॉसी?

तोच रंग मॅटमध्ये थोडा फिका आणि ग्लॉसीत गडद दिसतो, म्हणून नमुना पाहताना फिनिशही तोच असावा. मॅट पृष्ठभाग खडबडीत असल्याने हळद आणि तेल धरून ठेवतो. ग्लॉसी पटकन पुसला जातो, पण लांबी नीट भरली नसेल तर दारावरचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो. जुन्या दारांसाठी दोन्हींच्या मधला सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस बरा.

जुना रंग घासताना कोणती काळजी घ्यावी?

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो 2016 मध्ये अधिसूचित झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, खासकरून भडक पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, लेड क्रोमेटसारखी शिसेयुक्त रंगद्रव्ये असू शकतात.

असा रंग दारावर शाबूत असताना फारसा त्रास देत नाही. तो कोरडा घासला की शिशाची धूळ ओट्यावर, भांड्यांवर आणि लादीवर बसते. रांगणारे बाळ हात तोंडात घालते तेव्हा ती पोटात जाते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून दारे जुनी असतील तर पॉलिश पेपर पाणी लावूनच वापरावा. कोरडे मशिन किंवा आगीचा बंबा वापरून रंग काढू नये. भांडी आणि धान्य आधी दुसऱ्या खोलीत हलवावे. लहान मुले आणि गर्भवतींना काम संपेपर्यंत दुसरीकडे ठेवावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. रंगाऱ्यालाही चांगला मास्क द्यावा, कारण धूळ सर्वाधिक त्याच्याच श्वासात जाते. रंगाचे पोपडे निघत असतील तर दारे बदलणे शहाणपणाचे. नवा डबा घेताना त्यावरची शिशाविषयीची सूचना वाचावी.

रंगकाम कधी करावे?

हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे असेल तर रंग नीट सुकत नाही. लाकूडकामावर मारला जाणारा ड्युको झपाट्याने उडून जाणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग थंड करतो. दमट हवेत त्यावर बाष्प बसते आणि पांढुरकी झाक येते. त्यामुळे पाऊस पूर्ण ओसरल्यावरच काम काढावे.

हाताला सुकलेला रंग पक्का झालेला नसतो. इनॅमलला पूर्ण कडकपणा यायला काही आठवडे लागतात. दिवाळीच्या दोन दिवस आधी रंगवलेली दारे फराळाच्या गडबडीत एकमेकांना चिकटतात.

रंग किती लागेल?

अडीच फूट बाय दीड फुटाची 12 दारे दोन्ही बाजूंनी रंगवायची तर क्षेत्रफळ 90 चौरस फूट. दोन हात म्हणजे 180. एका लिटरमध्ये एका हाताला 100 चौरस फूट धरले तर सुमारे 1.8 लिटर रंग लागतो. डब्यावर दिलेला आकडा पाहून हिशेब करावा, चौकटी वेगळ्या मोजाव्यात आणि सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्यावा. दुसऱ्या खेपेला मिसळलेल्या डब्यात छटा किंचित सरकू शकते.

शेवटचा निर्णय कसा घ्यावा?

दोन-तीन आवडलेल्या रंगांचे सगळ्यात छोटे डबे आणावेत. प्लायच्या फूटभर तुकड्यांवर प्रायमर आणि दोन हात मारून ते दाराच्या जागी उभे करावेत, लादीवर आडवे ठेवू नयेत. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावे. शेजारी ओट्याचा दगड आणि टाइल असावी. मग त्यावर थोडी हळद-तेलाची फोडणी टाकावी, बाथरूमसाठी असेल तर नळाचे पाणी शिंपडून सुकू द्यावे आणि रोजच्या फडक्याने पुसावे. हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. त्यातून जो तुकडा चांगला दिसतो आणि सहज पुसलाही जातो, त्याच रंगाचा मोठा डबा आणावा.