गेन म्हणजे पॉवर नव्हे!

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी स्वतःचा अॅम्प्लिफायर बांधायची हुक्की येतेच. आम्हालाही आली. गॅदरिंग तोंडावर आलेलं, भाड्याच्या सिस्टिमचा आकडा ऐकून डोळे पांढरे झालेले. मग विंगमध्ये वर्गणी काढली आणि रविवारी सकाळी वांगणीहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवरून एलएम १८७५ च्या दोन आयसी, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि प्रीअॅम्पचं एक किट घेतलं. प्लायचे डबे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणले. प्रीअॅम्प निवडताना डोकं चालवलं ते असं: जितका गेन जास्त, तितका आवाज मोठा. म्हणून १० पट गेनवालं किट घेतलं.

जोडणी झाली, आवाज आला, टाळ्याही झाल्या. पण तीन तक्रारी होत्या. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी स्पीकरमधून 'सूंऽऽ' चालूच. नॉब जरा हलवला की खोली दणाणायची, आणि अगदी हळू ऐकायला गेलं तर डावा स्पीकर बोलायचा, उजवा गप्प. तिसरी तक्रार दुसऱ्या संध्याकाळी कळली. कोणीतरी नॉब अर्ध्यावर नेला आणि एक ट्वीटर कायमचा गेला. वर्गणीतले पैसे गेले ते गेलेच, वर विंगमध्ये तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

लॅबमधल्या सरांकडे गेलो. त्यांनी सर्किट पाहिलं आणि विचारलं, "गेन किती घेतलाय?" आम्ही अभिमानाने सांगितलं. "बरं, लागतो किती?" यावर मात्र आमची दातखीळ बसली.

हिशोब काय सांगतो?

एलएम १८७५ ला अधिक-उणे २५ व्होल्टचा सप्लाय दिला की ८ ओहमच्या स्पीकरला साधारण २० वॅट मिळतात. २० वॅट गुणिले ८ म्हणजे १६०, त्याचं वर्गमूळ १२.६. म्हणजे आउटपुटला १२.६ व्होल्ट (आरएमएस) आले की आयसीची ताकद संपली. नेहमीच्या सर्किटमध्ये फीडबॅकला २० किलोओहम आणि १ किलोओहम असतात, म्हणून तिचा गेन २१. १२.६ भागिले २१, म्हणजे इनपुटला फक्त ०.६ व्होल्ट पुरतात.

आता समोरून काय येतं? सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला सुमारे २ व्होल्ट देतो, मोबाईलचा हेडफोन जॅक साधारण अर्धा ते एक व्होल्ट. म्हणजे सीडीला एकूण गेन लागतो साधारण ६ पट. आम्ही दिला होता १० गुणिले २१, म्हणजे २१० पट! मेसच्या आमटीत दोन आचाऱ्यांनी एकमेकांना न विचारता मीठ घातलं तर जे होतं, तेच इथे झालं.

मग १० पटीचे प्रीअॅम्प बनवतात तरी कशाला? कारण जुने ट्यूनर आणि कॅसेट डेक काहीशे मिलिव्होल्टच द्यायचे. २ व्होल्ट देणारे सीडी प्लेअर १९८२ पासून बाजारात आले. सर्किटं मात्र जुन्याच हिशोबाची चालू राहिली.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच

आमच्या किटमध्ये व्हॉल्यूमचा पॉट प्रीअॅम्पच्या आधी होता. त्यामुळे पॉट शून्यावर नेला तरी प्रीअॅम्पचा स्वतःचा नॉइज पुढे जाऊन २१ पट व्हायचाच. लॉग पॉटच्या अगदी सुरुवातीला डावा-उजवा ट्रॅक सारखा नसतो, आणि आम्हाला नेमकं तिथेच राहावं लागायचं. ट्वीटरचं म्हणाल, तर २० वॅटचा अॅम्प क्लिपिंगमध्ये गेला की लाटेचे माथे कापले जातात. पूर्ण चौकोनी लाट झाली तर साइन वेव्हच्या दुप्पट, म्हणजे ४० वॅटपर्यंत पॉवर जाऊ शकते. बिचारा ट्वीटर किती सोसणार?

उपाय

पहिला विचार आला तो पॉवर अॅम्पचाच गेन कमी करायचा. पण एलएम १८७५ चा गेन १० च्या खाली नेला तर ती स्थिर राहत नाही, ऑसिलेट होऊ लागते. म्हणून तिला हात लावला नाही. दोनच बदल केले.

पहिला, प्रीअॅम्पच्या फीडबॅकमधला ९१ किलोओहम काढून १२ किलोओहम लावला. खाली १० किलोओहम होताच. गेन १० वरून २.२ वर आला.

दुसरा, पॉवर अॅम्पच्या इनपुट कपॅसिटरच्या आधी डिव्हायडर: सिरीजमध्ये ४.७ किलोओहम, ग्राउंडला ६.८ किलोओहम. आयसीच्या २२ किलोओहम इनपुटसकट सिग्नल साधारण निम्मा होतो. डिव्हायडर पॉवर अॅम्पच्या बोर्डावरच लावा, म्हणजे मधल्या वायरीने उचललेली घरघरही निम्मी होते.

अर्धा व्होल्ट देणारा मोबाईल लावला तरी पुढे ०.५८ व्होल्ट पोचतात, म्हणजे १८ वॅटच्या आसपास. पॉवर जवळजवळ तेवढीच, प्रीअॅम्पचा नॉइज मात्र आठ-नऊ पट कमी. कारण पॉवर ठरते सप्लाय आणि स्पीकरच्या ओहमवर, गेनवर नाही. गेन फक्त सांगतो की तिथे किती लवकर पोचाल.

स्वतः मोजून पाहा

ऑसिलोस्कोप नको. स्पीकर काढून ठेवा, मोबाईलवर १०० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी इनपुट, मग आउटपुट मोजा. भागाकार म्हणजे गेन. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात. आणि एवढं करूनही घरघर राहिली तर ग्राउंडिंग तपासा, तो दोष गेनचा नाही.

गॅदरिंगला आमचाच सेट वाजला. नवा ट्वीटर आम्हा तिघांच्या खिशातून आला, वर्गणीतून नाही. तेव्हा मंडळी, लॅमिंग्टन रोडची लोकल पकडण्याआधी वहीचं एक पान हिशोबाला खर्च करा. ट्वीटरपेक्षा स्वस्त पडतं.