धाप लागली तर ‘मग बघू’ म्हणू नका

बैल धापा टाकू लागला की तुम्ही त्याची कूस कशी हलते ते बघता आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे माणूस धाडता. घरच्या माणसाला धाप लागली तर मात्र ‘कांदा काढून होऊ द्या, मग बघू’. २०२१ च्या मार्च ते मे या महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कितीतरी माणसे या ‘मग बघू’मुळेच दवाखान्यात उशिरा पोचली.

या आजाराची खोड फसवी. माणूस ओट्यावर बसून बोलतो, चहा पितो आणि तिकडे रक्तातला प्राणवायू ८५ वर आलेला असतो. म्हणून अंदाजावर न जाता मोजावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घ्यावे. बोट धुऊन, चोळून गरम करावे, नखाला मेंदी किंवा रंग नसावा. पाच मिनिटे शांत बसून मगच आकडा बघावा. ९४ च्या खाली आला तर थेट दवाखाना. आकडा चांगला असेल तर अंगणात सहा मिनिटे चालावे (साठीच्या पुढच्यांनी तीनच) आणि पुन्हा मोजावे. तीन अंकांपेक्षा जास्त घसरला किंवा दम लागला तरी दवाखाना. दमेकऱ्याने ही चालण्याची परीक्षा करू नये. त्याने तोंडात घ्यायचा पंप मात्र नेमाने चालू ठेवावा.

यंत्र नाही? मग घड्याळ लावून मिनिटभर छातीचे उठणे मोजा, आजाऱ्याला न सांगता. मोठ्या माणसाचे श्वास २४ किंवा जास्त भरले तर थांबू नका. एक ते पाच वर्षांच्या खोकणाऱ्या मुलाला ४० हा आकडा धोक्याचा. १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईतो आजाऱ्याला झेपेल तसे पालथे झोपवावे, गरोदर बाई सोडून.

औषधांचे थोडे बोलू. अळीवर बुरशीनाशक मारले तर अळी मरते का? मग विषाणूवर प्रतिजैविकाच्या गोळ्या कशाला? डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने प्राणवायू लावावा लागलेल्यांचे मृत्यू कमी होतात, हे जून २०२० मध्ये इंग्लंडातल्या चाचणीत दिसले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तरीही अशा औषधांचा वापर बेसुमार झाला, त्यात साखरेचा आजार, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. मात्रा डॉक्टरच ठरवील, दुकानदार नव्हे.

आणि कोरोना ओसरला तरी खोकला राहतोच. मळणीचा कोंडा, चुलीचा धूर, विडी ही कारणे आहेतच. पण दोन आठवड्यांवर गेलेला खोकला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना. सप्टेंबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघर ताप आणि प्राणवायू मोजला होता. तेव्हाची ऑक्सिमीटर गावात कपाटात पडली असतील तर आजच सेल बदलून बघा. साठीवरचे, दमेकरी, साखरेचे रुग्ण यांची यादी आशाताईंकडून करून घ्या. नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पथके नेमून घरोघर तपासणी केली, आजाऱ्यांना लगेच वेगळे ठेवले आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले.

माझ्या मते गावात आजार लपतो तो भीतीने थोडा आणि कामाने जास्त. शाळेत जाऊन चौदा दिवस पडलो तर गाईची धार कोण काढील, रात्रीच्या लाइटीला मोटर कोण चालू करील? याचे उत्तर मिळाल्याशिवाय शेतकरी खोकला कबूल करणार नाही. तेव्हा आजाऱ्याच्या यादीशेजारीच दुसरी यादी करा: कुणाच्या गोठ्यात कोण जाईल, कुणाच्या पाण्याच्या पाळीला कोण उभे राहील, डेअरीवर दूध कोण घालील. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, साथ येण्याआधी.