टेम्सकाठचा शब्द : 'एट'

लंडन : टेम्स नदीच्या पात्रात गाळ साचून तयार झालेल्या लहानशा, बहुधा लांबट बेटाला इंग्रजीत 'एट' म्हणतात. उच्चार इंग्रजी आठच्या आकड्यासारखाच. स्पेलिंगे मात्र दोन : 'ए-आय-टी' आणि 'ई-वाय-ओ-टी'. नकाशांवर दोन्ही आढळतात. एरवी शब्दकोशातच राहिलेला हा शब्द आज मुख्यतः याच नदीवर वापरात आहे.

जुन्या इंग्रजीत बेटाला 'ईग' म्हणत. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून 'एट'चे मूळ रूप तयार झाले. दुसऱ्या स्पेलिंगच्या शेवटावर फ्रेंचची छाप आहे. दलदलीतल्या कोरड्या उंचवट्यालाही 'ईग'च म्हणत. म्हणून बॅटरसी, बर्मंडसी या आज बेटे नसलेल्या लंडनच्या भागांच्या नावांत तो शब्द टिकून आहे. चेल्सीचा शेवट तसाच वाटतो. पण त्याचे मूळ वेगळे. ते नाव 'हाइथ' म्हणजे होड्या लागण्याच्या धक्क्यावरून आले. 'आयलंड'ही 'ईग'च्याच घरातला. लॅटिन वंशाच्या 'आइल'शी नाते जोडण्याच्या नादात त्यात 'एस' घुसले. ते लिहिले जाते, उच्चारले जात नाही.

या बेटांवर पूर्वी ऑझिअर जातीच्या वाळुंजाची लागवड होई. त्याच्या लवचिक फांद्या छाटून टोपल्या विणत. चिझिकचे एट याच पिकासाठी ओळखले जाई. तिथे समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम पोचतो. ओहोटीला पात्र उघडे पडले की काठावरून चिखल तुडवत बेटावर जाता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची नौकाशर्यत पटनीहून मॉर्टलेककडे जाताना याच बेटाजवळून जाते.

ब्रेंटफर्डच्या एटचा उपयोग निराळा. समोरच्या क्यू गार्डन्समधून गॅसचा कारखाना दिसू नये, म्हणून 1920 च्या दशकात तिथे झाडे लावली. ट्विकनमचे एट आता 'ईल पाय आयलंड' झाले आहे. एकोणिसाव्या शतकात सहलीला येणारे लोक तिथे ईल माशाचे सारण भरलेला 'पाय' हा भाजलेला पदार्थ खात, त्यावरून हे नाव. 1960 च्या दशकात तिथल्या हॉटेलात रोलिंग स्टोन्स हा बँड गात असे. 1971 मध्ये ते हॉटेल जळाले.

डिकन्सच्या 'ब्लीक हाऊस' या कादंबरीच्या आरंभीच्या धुक्याच्या वर्णनात 'एट' हा शब्द येतो. चिझिकचे एट आता स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्र असून तिथल्या वाळुंजांची छाटणी स्वयंसेवक करतात.