भावाचं रक्त बहिणीच्या अंगात (लेखमाला : भाग पाचवा)

 गोठ्यात एखादी गाय जुळी व्यायली आणि त्यात एक पाडा, एक कालवड निघाली, तर त्या कालवडीची आधी खात्री करून घ्यावी लागते. अशा शंभरातल्या नव्वदांहून अधिक कालवडी वांझ निघतात. दोन वर्षं खाऊ घालूनही गाभण राहत नाहीत. म्हणून खर्चात पडण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेतलेली बरी.

याचं मूळ वारेत आहे. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जुळतात. पाड्याच्या वृषणातली संप्रेरकं त्या वाटेने बहिणीकडे जातात आणि तिच्या प्रजनन अवयवांची वाढ खुंटते. संप्रेरकांबरोबर पेशीही जातात, आणि परक्या पेशी शरीर कशा स्वीकारतं हा आपला विषय तिथे सुरू होतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गुरांचे रक्तगट तपासत होते. त्यांच्यासमोर एक विलक्षण जुळं आलं : आई एकच, पण बाप दोन, एक गर्न्सी आणि दुसरा हियरफर्ड. तरी दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही बापांच्या खुणा होत्या! १९४५ साली ओवेन यांनी निष्कर्ष छापला. तांबडी पेशी काही महिन्यांतच मरते. मग मोठेपणीही भावंडाच्या पेशी सापडतात, याचा अर्थ पेशी घडवणाऱ्या मूळपेशीच पोटात असताना आल्या आणि मुक्कामाला राहिल्या. शरीराने त्यांच्यावर कधी हल्ला केला नाही.

का केला नाही? ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लन बर्नेट यांनी १९४९ मध्ये फ्रँक फेनर यांच्यासोबत तर्क मांडला : आपलं कोण, परकं कोण हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते कोवळ्या वयात शिकतं. त्या काळात जे समोर असेल, ते आपलं.

हा तर्क प्रयोगाने सिद्ध केला लंडनमध्ये पीटर मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी. तपकिरी उंदरीच्या पोटातल्या पिलांना त्यांनी पांढऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. जन्मलेली पिलं मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर त्याच पांढऱ्या जातीची कातडी लावली. एरवी असं कलम दहा-बारा दिवसांत गळून पडतं. इथे पाचांपैकी तिघांच्या अंगावर ते धरलं, त्यावर पांढरे केसही उगवले. मात्र ही सवलत फक्त ओळखीच्या जातीला होती. तिसऱ्या जातीची कातडी अशा उंदरांनीही झिडकारली. १९५३ साली ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि अवयवरोपणाच्या संशोधकांना प्रथमच भक्कम आशा मिळाली.

१९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळालं. ओवेन यांचं नाव त्यात असायला हवं होतं. खुद्द मेडावर यांनीही त्यांना पत्राने हेच कळवलं होतं.