संस्कृतीचा दाखला कोण देतो?

परक्या देशातल्या मानवी हक्कांबद्दल बोलू नये, तिथली संस्कृती निराळी, हा युक्तिवाद ऐकायला नम्र वाटतो. पण तो मांडणारे बहुतेकदा सत्तेतलेच असतात. सौदी अरेबियात बाईने गाडी चालवणे परंपरेविरुद्ध मानले जाई आणि त्यावर बंदी होती. मात्र नोव्हेंबर १९९० मध्ये रियाधच्या रस्त्यांवर गाड्या काढून ती बंदी मोडणाऱ्या ४७ जणीही सौदीच होत्या. बंदी उठली जून २०१८ मध्ये, आणि त्यासाठी झटलेल्या काही कार्यकर्त्या तेव्हा तुरुंगात होत्या. संस्कृतीच्या नावाने चाललेला हा झगडा एकाच समाजातला होता. बाहेरच्यांनी मौन पाळले तरी एका बाजूला बळ मिळतेच.

हक्कांची भाषा पाश्चात्त्यांची, हा आक्षेप अर्धाच खरा. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत नेला तो भारताने. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असे उत्तर आले ते तिथले पंतप्रधान स्मट्स यांच्या गोऱ्या सरकारकडून! टीका करणाऱ्यांच्या दुटप्पीपणाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. त्यामुळे सौदी बंदी न्याय्य ठरत नाही. अमेरिकेने केलेल्या टीकेचे वजन तेवढे घटते.