चाचणीतल्या औषधाचा कागद कुणाकडे?

वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या एका वाडीवर आमच्या नात्यातली एक मावशी राहते. सांधे धरलेले, भात लावणीला वाकता येईना. पुण्याच्या एका दवाखान्यात तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेतले. अंगठा घेतला, कागद दिले, गोळ्यांची बाटली दिली. दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी तिला जवळच्या डॉक्टरांकडे नेले. "काय औषध चालू आहे?" "पुण्याच्या गोळ्या." बाटलीवर औषधाचे नाव नव्हते, नुसता आकडा! आता त्या डॉक्टरांनी तरी काय करावे?

मला कचेरीत निरोप आला. कागद घरी पत्र्याच्या पेटीत होते. भाच्याने डोंगरावर चढून, रेंज मिळवून, त्यातला फोन नंबर मला वाचून दाखवला. पुण्याहून उत्तर मिळेपर्यंत रात्र झाली. मावशी बरी झाली. पण तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

बाटलीवर नाव नसण्यात लबाडी नसते. अनेक चाचण्यांत कुणाला नवे औषध आणि कुणाला जुने किंवा बिनऔषधाची गोळी, हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि डॉक्टरालाही. म्हणून तर गावची आशाताई, आरोग्यसेविका, जवळचा डॉक्टर आणि पुण्याचे चाचणीवाले यांचे सूत जुळलेले असावे लागते.

हे जमू शकते. १ जानेवारीला आपण कोरेगाव भीमाला जातो, तिथून जवळच शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक. तिथे केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबावरील 'रोटाव्हॅक' लसीची मोठी चाचणी २०११ साली दिल्ली, वेल्लोर आणि इथे सुरू झाली. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळे होती. त्यांना सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमारास डोस दिले. कार्यकर्ते दर आठवड्याला घरच्यांची गाठ घेत. बाळाला जुलाब झाले तर कुणाला कळवायचे, हे आईला ठाऊक होते. पहिल्या वर्षात या विषाणूचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक घटले. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. वढूला शक्य झाले कारण दवाखाना गावातच होता. आपल्या वाड्यांना एसटीची वाट पाहावी लागते, म्हणून आपल्याला जास्त जपावे लागेल.

२०१९ च्या नियमांनी रुग्णाला बरेच दिले आहे. माहिती त्याला समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावीच लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, शिवाय भरपाई. गंभीर त्रास झाल्यास चाचणीच्या डॉक्टरने २४ तासांत वर कळवायचे असते. आणि मधूनच चाचणी सोडली म्हणून नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही. आमच्या मावशीला हे शेवटचे ठाऊकच नव्हते. "अंगठा दिला म्हणजे आता सुटका नाही," असे ती धरून बसली होती, म्हणून उलट्या तिने चार दिवस अंगावर काढल्या.

आता आम्ही तिच्या कागदांच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक आशाताईकडे, एक जवळच्या डॉक्टरांकडे, एक माझ्या कचेरीतल्या कपाटात. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या बटव्यात दिला आहे. पुण्याचा नंबर भाच्याने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.