विजयानंतरची कडवट तार

५ मे १८६२ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला शहरापाशी जनरल इग्नासिओ सारागोसाने फ्रेंच फौजेला धूळ चारली. त्याचा त्या दिवशीचा विजयसंदेश पुढे फार गाजला. माझ्या मनात मात्र घर करून राहिली ती ९ मेची, त्याच्याच सहीची तार. सैन्याला पैसा हवा, आणि शहरवासी हात आखडून बसलेले! तिथे सनातनी पक्षाचा जोर. फ्रेंचांच्या पराभवाचे त्यांना जणू सुतकच. हे शहर जाळले तर किती बरे होईल, अशा अर्थाचे त्याने सरकारला सरळ कळवून टाकले. (जाळले अर्थातच नाही.) बिचाऱ्याची बायको त्याच जानेवारीत वारलेली. सप्टेंबरात विषमज्वराने तोही गेला, अवघ्या ३३व्या वर्षी. लगेच अध्यक्ष हुआरेसने पुएब्लाच्या नावाला जोड दिली ती कोणाच्या नावाची? सारागोसाच्याच!